फेलोसाहेबांचा तास

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये नगरच्या एका नव्या कॉलेजात नूरुद्दीन बाबाजान शेख फेलो झाला आणि भिंगारमध्ये त्याच्या बापाला आभाळ ठेंगणं झालं. फेलो म्हणजे काय, हे बाबाजानना माहीत नव्हतं. नूरुद्दीनलाही नीट माहीत नव्हतं. आणि ज्यांनी त्याला फेलो केलं, त्यांना तरी ते माहीत होतं असं म्हणायला फारशी जागा नाही.

तसा अर्थ सोपा होता. बी.ए.ला चांगला पास झालेला मुलगा एम.ए.चा अभ्यास करतो आणि करता करता खालच्या वर्गाला शिकवतो. सकाळी तो विद्यार्थी, दुपारी मास्तर. नूरुद्दीनने सकाळी प्रोफेसर जामगावकरांसमोर बाकावर बसून इतिहास ऐकायचा आणि दुपारी तोच इतिहास प्लॅटफॉर्मवर उभं राहून फर्स्ट इयरच्या पोरांना ऐकवायचा. मधल्या वेळात विद्यार्थ्याचा मास्तर कसा होतो, ते सांगायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. हातात खडू दिला, वर्गाचा दरवाजा दाखवला, संपलं. मांडवात उभ्या केलेल्या नवरदेवाला तरी लोक जास्त सूचना देतात.

बाबाजान शिंपी होते. भिंगारच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांचे गणवेश शिवण्यात त्यांची हयात गेली. गोरे आपल्या देशी निघून गेले आणि दुकानावर अवकळा आली. एकेकाळी जिथं शागीर्दांची दाटी असायची, तिथं बाबाजान एकटेच मशीनपाशी बसून रस्त्याकडे बघत राहायचे. त्या घरात पुढं सरकणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे नूरुद्दीनचं शिक्षण. आणि तेही कच्च्या दोऱ्यावर लटकलेलं. कॉलेजने सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत काम बघू, ठीक वाटलं तर फेलोशिप पुढं चालवू. फेलोशिप गेली की एम.ए. गेलं, एम.ए. गेलं की प्रोफेसरकी गेली, आणि मग ज्या मशीनला काम नाही त्या मशीनवर बापाशेजारी जाऊन बसायचं. नूरुद्दीनला हे रोज उठल्या उठल्या आठवायचं.

पहिल्या तासाचं काय सांगावं! कॉलेज भरायचं लष्कराने सोडलेल्या पत्र्याच्या बराकीत. समोर सत्तर-ऐंशी पोरं. निम्मी शहरातली, तेल लावून भांग पाडलेली. निम्मी श्रीगोंदा, राहुरी, पाथर्डीकडची, इंग्रजी कानावर पडलं की डोळे मोठे करून बसणारी. शिकवायचं इंग्रजीतूनच, असा नियम. विषय इंग्लंडचा राजा आणि त्याचं पार्लमेंट. इंग्रजांना घालवून वर्ष झालं नव्हतं आणि पोरांनी त्यांच्या राजाचं भांडण पाठ करायचं होतं! नूरुद्दीनने सगळं व्याख्यान शब्दन् शब्द लिहून तोंडपाठ केलं होतं. ते त्याने म्हटलं. खिडकीकडे बघत, न थांबता म्हटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की व्याख्यान संपलंय आणि तास अर्धासुद्धा झालेला नाही.

नूरुद्दीनने फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

"आता काय करायचं, फेलोसाहेब?" मागून कुणीतरी अगदी आदराने विचारलं.

सगळी बराक हसली. पत्र्यापर्यंत गेलेलं ते हसू नूरुद्दीनच्या कानांत पुढं कितीतरी दिवस घुमत राहिलं. 'फेलोसाहेब' हे नाव त्या दिवशी चिकटलं ते चिकटलंच.

तो जामगावकरसरांकडे गेला. जामगावकर माणूस मोठा. उंच, सडसडीत, खादीचा लांब कोट, बोलायला लागले की वर्गात पंखा नसल्याचंही कुणाला आठवू नये. नूरुद्दीनचा त्यांच्यावर जीव होता. त्यांच्यासारखं एक वाक्य आपल्याला बोलता आलं तर जन्माचं सार्थक झालं, असं त्याला मनापासून वाटायचं.

"सर, तास कसा घ्यायचा ते जरा…" नूरुद्दीन चाचरला.

"म्हणजे?" जामगावकरांनी चष्म्यावरून बघितलं. "विषय येत नाही तुला?"

"विषय येतो, सर. शिकवणं येत नाही."

"अरे, विषय आला की शिकवणं आलं! मला काय कुणी वेगळं शिकवलं होतं? वाच. आणखी वाच. माझ्या कपाटातली दोन पुस्तकं घेऊन जा."

त्याने पुस्तकं नेली. पुस्तकांत राजाविषयी पुष्कळ होतं, पोरांविषयी काही नव्हतं.

पुढचे दोन-अडीच महिने नूरुद्दीनच्या नाकी नऊ आले. तो जास्त लिहायला लागला, जास्त पाठ करायला लागला, आणि जितकं पाठ करी तितका त्याचा आवाज सपाट होई. पोरं पायाने फरशी घासायची. एकजण तोंड मिटून गुणगुणायचा आणि कोण ते कळायचं नाही. मग पोरं यायचीच थांबली. रिकाम्या बाकांपुढं शिकवणं हे हसण्यापुढं शिकवण्याहून वाईट, हे त्याला तेव्हा कळलं. एकदा तर दुपारच्या तासाआधी तो बराकीच्या मागे जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि वर्गात गेला. अशा वेळी पाठीवर हात ठेवणारं कुणी असावं की नाही? पण प्रोफेसर लोकांना वाटे तो पोरगा आहे, आणि पोरांना वाटे तो प्रोफेसर आहे. डबा खायलासुद्धा त्याला कुठल्या घोळक्यात बसावं ते कळत नसे. तो चिंचेखाली एकटा खाई.

तिथंच एकदा सूर्यभान येऊन बसला. सूर्यभान श्रीगोंद्याकडचा. लढाईत फौजेत होता, सुटून आल्यावर कॉलेजात नाव घातलेलं. वयाने नूरुद्दीनहून चांगलाच मोठा, पण त्याच्याच वर्गातला विद्यार्थी.

"सर, राग यणार नसंल तर एक सांगू का?"

"सांग की."

"तुमी आमच्याकडं बगतच न्हाई. खिडकीसंगं बोलता. आमाला वाटतं, खिडकीला समजलं, आता आपलं काय काम हाय?"

नूरुद्दीनला राग यायला हवा होता. त्याला रडू आलं. तीन महिन्यांत त्याच्या शिकवण्याविषयी कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी बोललं होतं. त्याने घास तसाच ठेवला आणि विचारलं, "आणखी काय?"

"आनखी काय न्हाई. त्यो राजा पार्लमेंटला पैसं मागतो, ती न्हाई म्हंत्यात. ह्ये भांडान आमच्या गावात बी हाय. तेवडं मराठीतून सांगा, मग करा तुमचं इंग्रजी."

दुसऱ्या दिवशी नूरुद्दीनने कागद घरी ठेवला. सूर्यभानकडे बघून बोलायला सुरुवात केली, कारण दुसऱ्या कुणाकडे बघायचं धाडस नव्हतं. भीत भीत दोन वाक्यं मराठीतून टाकली. फरशी घासणारे पाय थांबले. पुढच्या आठवड्यात रिकामे बाक थोडे भरले. फार झालं असं नव्हे, पण एका पोराने खराखुरा प्रश्न विचारला आणि नूरुद्दीनला त्याचं उत्तर देता आलं. त्या दिवशी तो कॉलेजपासून भिंगारपर्यंत जवळजवळ पळतच गेला.

आणि नेमकं तेव्हाच प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला. दसऱ्याच्या सुट्टीआधी फेलोंची कामं बघायची आहेत. नूरुद्दीनचा गुरुवारचा तास प्रोफेसर जामगावकर वर्गात बसून पाहतील, संध्याकाळी आपलं मत सांगतील, आणि त्यावर फेलोशिपचं ठरेल. झालं! पुन्हा अन्न गोड लागेना.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा बाबाजान काजं करत होते. त्या घरातलं बोलणं निम्मं दखनी, निम्मं मराठी असे. आपण आपलं मराठीच धरून चालू.

"म्हंजी तुजे उस्ताद तुजं काम बगाया यणार," बाबाजान म्हणाले. "बगू दे की. काम बगितल्याबिगर उस्तादाला कसं कळंल? न्हाई तर येवडं दिस त्येनी तुला शिकवलं काय?"

"त्यांनी मला इतिहास शिकवला, अब्बा. शिकवायचं कसं, ते नाही शिकवलं."

बाबाजानना ते कळलं नाही. त्यांच्या लेखी असं होऊच शकत नव्हतं. शागीर्द दुकानात आला की वर्षभर नुसती काजं-बटणं, मग अस्तर, मग बाही, आणि कात्री हातात येईपर्यंत मिसरूड फुटायचं. प्रत्येक टाक्याला उस्तादाची नजर. पहिल्याच दिवशी पोराच्या हाती कात्री आणि साहेबाचं कापड देऊन उस्ताद निघून गेला, असं कुणी सांगितलं असतं तर बाबाजाननी त्या उस्तादाला वेड्यात काढलं असतं. त्यांनी मुलाला धीर दिला आणि एका कर्नलने न नेलेल्या कापडाचा कोट त्याच्यासाठी बेतायला घेतला. अम्मीने, बिस्मिल्लाबीने, गुरुवारचा रोजा धरायचं ठरवलं. दोघांनी इतकं केल्यावर नूरुद्दीनला झोप कशी यायची?

गुरुवार उजाडला. नवा कोट घालून नूरुद्दीन वर्गात शिरला. वर्ग भरलेला होता. सूर्यभानने पोरांना काय दम दिला होता कोण जाणे. मागच्या भिंतीशी जामगावकरांसाठी खुर्ची मांडलेली होती. ती रिकामी होती.

घंटा झाली. सर आले नाहीत. थोडी वाट बघून नूरुद्दीनने सुरुवात केली. आणि काय सांगावं, तास रंगला! खुर्ची रिकामी असल्यामुळं असेल, कोटामुळं असेल, पण त्याचा आवाज मोकळा सुटला. आपल्याला नडणाऱ्या सभासदांना पकडायला राजा पार्लमेंटच्या दारात सैनिक घेऊन उभा राहिला, इथपर्यंत गोष्ट आली. पोरं पुढं वाकून ऐकत होती. एकाने विचारलं, "मग सर, ज्यांना पकडायचं ते कुठं होते?" नूरुद्दीन हसला. वर्गात पहिल्यांदाच हसला. उत्तर त्याच्या ओठावर होतं.

तेवढ्यात दरवाजा उघडला आणि जामगावकरसर आत आले. त्यांना एका सभेत उशीर झाला होता. सगळा वर्ग उभा राहिला.

नूरुद्दीन प्लॅटफॉर्मवरून खाली उतरला.

त्याने हे ठरवून केलं नाही. विचार करून केलं असतं तर केलंच नसतं. बाबाजानच्या दुकानात कापड बेतायची मोठी फळी होती, जमिनीपासून हातभर उंच. उस्ताद नसताना थोरला शागीर्द तीवर बसून काम करी. उस्ताद दारात दिसले की हातातलं काम अर्ध्यात टाकून खाली उतरायचं, कात्रीची मूठ त्यांच्याकडे करून दोन्ही हातांनी पुढं धरायची, आणि ते विचारत नाहीत तोवर तोंड उघडायचं नाही. उस्ताद जमिनीवर आणि शागीर्द फळीवर, असं त्या दुकानात कधी घडलं नव्हतं. पाळण्यातून उतरल्यापासून नूरुद्दीनने हेच बघितलं होतं आणि सात वर्षांचा असल्यापासून हेच केलं होतं. त्याच्या पायांना दुसरं काही माहीत नव्हतं.

खाली उतरून त्याने खडू दोन्ही हातांनी सरांपुढं धरला आणि मान खाली घातली.

जामगावकर थबकले. त्यांनी खडूकडे पाहिलं, रिकाम्या प्लॅटफॉर्मकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "काय झालं? पुढं जमत नाही का?"

सरांनी विचारलं होतं. उत्तर द्यायला हरकत नव्हती. पण जमतंय, असं उस्तादाच्या तोंडावर कुठला शागीर्द म्हणेल? नूरुद्दीन गप्प राहिला. दुसऱ्या बाकावरून सूर्यभान डोळ्यांनी खुणा करत होता, वर जा, वर जा. नूरुद्दीनने खाली घातलेली मान उचलली नाही.

जामगावकर दयाळू माणूस. पोरगा अडला आहे, ऐंशी जणांत त्याची फजिती नको, असं त्यांना वाटलं. त्यांनी खडू घेतला, वर चढले आणि राजा सैनिक घेऊन दारात उभा होता तिथून गोष्ट उचलली. मग काय विचारता! पोरं देहभान विसरली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीला टेकून उभा असलेला नूरुद्दीनही विसरला. तास त्याचा, नशीब त्याचं, आणि तो मात्र तोंड उघडं टाकून विद्यार्थ्यासारखा ऐकत होता! घंटा झाली तेव्हा कुठं त्याला शुद्ध आली.

तो सरांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेला.

"बस," जामगावकर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "नूरुद्दीन, मी शिकवायला नव्हतो आलो रे. बघायला आलो होतो."

"सर, मी अडलो नव्हतो. चांगलं चाललं होतं. आपण आलात म्हणून मी उतरलो."

"मी आलो म्हणून? मी मागे खुर्चीवर बसणार होतो."

"आपण खाली आणि मी वर, सर?"

जामगावकरांनी चष्मा काढून पुसला. "आता मी काय सांगू प्रिन्सिपॉलना? मी काय पाहिलं? मी आलो, तू खाली उतरलास, मी शिकवलं. खोटं मला बोलता येत नाही."

"मला आणखी एक तास द्या, सर. उद्या. एकच."

"उद्यापासून सुट्टी. आणि त्यांची बैठक आजच आहे." ते उठले. "मी बघतो काय करता येतं ते."

काय करता येतं ते संध्याकाळी शिपायाने चिंचेखाली येऊन सांगितलं. फेलोशिप पुढं चालणार नाही.

नूरुद्दीन घरी कसा पोहोचला ते त्यालाच ठाऊक. बाबाजान दुकानाच्या पायरीवरच वाट बघत उभे होते.

"आले हुते का उस्ताद? काय केलंस?"

"मी शिकवत होतो. ते आले. मी खाली उतरलो आणि खडू त्यांच्या हातात दिला."

बाबाजानचा चेहरा उजळला. त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! येवडा शिकलास, पर उस्तादाचा मान न्हाई इसरलास. ऐकलंस का गं, बिस्मिल्ला? भरल्या वर्गात खाली उतरलं माजं पोरगं!"

नूरुद्दीनला ते सहन होईना. तो तिथंच पायरीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली, एम.ए. गेलं, आणि ते ज्याबद्दल शाब्बास म्हणालात त्याच्यामुळंच गेलं. शेवटी शेवटी तो ओरडत होता. बापावर तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. आत अम्मी रडायला लागली.

बाबाजाननी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी टोपी घातली. "चल. मी बोलतो त्यांच्यासंगं. चूक तुजी न्हाई, माजी हाय. त्येनला सांगतो, मीच असं शिकवलंय, सजा मला द्या."

जामगावकरांचा बंगला स्टेशनच्या बाजूला. दिवेलागणीला दोघं तिथं पोहोचले. सर ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. त्यांना बघून ते लगबगीने उठले. "या, या. वर या, शेखसाहेब."

बाबाजान पायऱ्यांपाशी थांबले. वर गेले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले. वाटभर त्यांनी बोलायचं सगळं घोकलं होतं, नूरुद्दीनने ते पुटपुटताना ऐकलं होतं. पण समोर मुलाचा उस्ताद उभा, आणि उस्तादापुढं तोंड कसं उघडायचं?

"मेहेरबानी असू द्या पोरावर," एवढंच ते म्हणाले. आणि परत फिरायला लागले.

एवढंच! एवढ्यासाठी म्हातारा भिंगारपासून चालत आला होता! नूरुद्दीनच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तो पायऱ्या चढला. ओट्यावर, सरांच्या समोर, त्यांच्या बरोबरीने उभा राहिला.

"नूर! खाली उतर!" बाबाजान खालून दबक्या आवाजात ओरडले.

तो उतरला नाही. त्याचा आवाज स्वच्छ होता. "सर, मी तीन महिने रोज मरत होतो. तुमच्याकडे आलो तर तुम्ही पुस्तकं दिलीत. माझा एक तास आधी बघितला असतात, एक चूक दाखवली असतीत, तर आज तुम्ही आलात तेव्हा काय करायचं ते मला माहीत असतं. एवढंही कुणी सांगितलं नाही, की उतरायचं नाही म्हणून. ते मला तुम्ही कधी सांगणार होता?"

जामगावकर खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "मला सुचलंच नाही रे. मी बोलतो, पोरं ऐकतात. कसं, ते मलाही माहीत नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं तसंच होत असेल." ते पुन्हा खुर्चीत बसले. "आता माझ्या हातात काही नाही. त्यांनी दुसरा माणूस नेमलाय."

नूरुद्दीनने मान हलवली. सवयीने त्यांना सलाम केला आणि पायऱ्या उतरला.

परत येताना बाबाजान दोन पावलं पुढं चालत होते. कॅम्पाचे दिवे दिसेपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आता अब्बा आपल्याशी कधीच बोलणार नाहीत, असं नूरुद्दीनला वाटायला लागलं. ओट्यावर चढून आपण त्यांची राहिलेली अब्रूही घालवली, असं वाटलं.

मग बाबाजान थांबले. अंधारात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्यांनी मुलाच्या कोटाची बाही धरली, आणि रागाने नव्हे, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं:

"आत्ता जसा वर उबा ऱ्हाऊन बोललास, तसा मंग दुपारी का न्हाई उबा ऱ्हायलास, बाळा?"

नूरुद्दीन रस्त्यातच उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि बाबाजान त्याची बाही धरून तसेच उभे राहिले.